पंखा दोनवर, पारा चाळीसवर

तर झालं असं की, २०२४ च्या एप्रिलमधला एक शनिवार. दुपारचे तीन. पुण्याचा पारा चाळिशीच्या पुढे गेलेला. मी बाणेरहून कोथरूडला आई-बाबांकडे वीकेंड काढायला गेले. (लग्न झालेलं नाही, पण भाड्याच्या फ्लॅटवर राहायला लागल्यापासून मी त्या घराला माहेरच म्हणते. आईला ते आवडत नाही. असो.) आईनं दार उघडलं. पॅसेजमध्ये मिट्ट काळोख. सँडल काढता काढता माझा गुडघा टीपॉयवर आपटला.

"लाइट का नाही लावलात?"

"दिवसाढवळ्या कशाला लाइट?" आतून बाबांचा आवाज.

बाबा हॉलमध्ये दिवाणावर बसलेले. बनियन घामानं चिंब. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे फिरत असावा. पाती मोजता येत होती. रेग्युलेटर दोनवर. आणि समोरच्या भिंतीवर माझा एसी. म्हणजे मी आदल्या वर्षी, पहिल्या मोठ्या असाइनमेंटच्या पैशांतून घेऊन दिलेला एसी. त्याचा रिमोट शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड लावून. अगदी नवाकोरा!

"बाबा, एसी का नाही लावत?"

"आहे की पंखा."

विषय संपला. म्हणजे त्यांच्या बाजूनं संपला. संध्याकाळी चहाला उठले आणि भिंत धरून खालीच बसले. डोळ्यांपुढे अंधारी. आमचे फॅमिली डॉक्टर घरी आले, बीपी बघितलं, उन्हाळ्याचा त्रास आहे म्हणाले, मीठ-साखर-पाणी द्यायला सांगितलं. जाताना सहज म्हणाले, "घरात पंखा नाहीये का?"

आई म्हणाली, "आहे ना. दोनवर."

त्या रात्री मी बाबांशी सॉलिड भांडले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, पेन्शन बरी असलेला, कर्ज नसलेला माणूस स्वतःच्या घरात घामानं चक्कर येईपर्यंत बसतो? त्यांचं उत्तर एकच, "अगं, एकदा सवय लागली की वीजबिल कुठल्या कुठे जातं." तुमच्याही घरात असे बाबा असतील. खोलीतून बाहेर पडताना मागे वळून दिवा बंद करणारे. आपण मॉलमध्ये एका कॉफीला जेवढे पैसे देतो, तेवढ्यात आठवडा काढणारे. त्यांना कंजूस म्हणायचं धाडस आपल्याला होत नाही, कारण त्याच काटकसरीतून आपली फी भरलेली असते.

तिढा सोडवला तो आईनं. तोही अगदी अनपेक्षित ठिकाणाहून.

वाणसामानाच्या गटात वीजबिलं

माझी आई गेली वीसेक वर्षं एका ग्राहक संघटनेच्या स्थानिक गटात आहे. (नाव लिहीत नाहीये. 'आमचं कौतुक छापू नकोस' ही गटाची अटच आहे.) लहानपणी मला या गटाचा जाम कंटाळा यायचा. महिन्यातून एकदा हॉलभर तूरडाळ, साबण, शेंगदाणे पसरायचे, चोवीस घरांच्या याद्या निघायच्या, आणि मी त्या पोत्यांवर बसून होमवर्क करायचे. एकत्र माल घ्यायचा, वाटून घ्यायचा, दलाली वाचवायची, हा फंडा. महाराष्ट्राला तो नवा नाही. 'मुंबई ग्राहक पंचायत' १९७५ पासून हेच काम करते आहे, आणि तेही फक्त स्वस्त डाळीसाठी नाही. ग्राहकाच्या हक्कासाठी भांडायचं, तर आधी ग्राहकांनी एकमेकांना ओळखायला हवं, हा त्यामागचा विचार.

तर आईच्या गटानं डाळ-साबणाच्या जोडीला वीज हा विषय घेतला होता. आई म्हणाली, "बाबांना घेऊन तू ये रविवारी. आमच्या बाईंना विचार काय विचारायचं ते."

बाई म्हणजे फिजिक्सच्या निवृत्त शिक्षिका. वय सत्तरच्या घरात, साडी खोचलेली, खांद्याला शबनम, आणि शबनममध्ये प्लगमध्ये लावायचं एक छोटं मीटर. मी पत्रकारितेचा नेहमीचा चेहरा करून गेले. ऊर्जाबचत म्हटलं की मला प्रेस नोट आठवते. चित्रकला स्पर्धा, हिरव्या टोप्या, प्रमुख पाहुणे, वडापाव. इथे तसलं काहीच नव्हतं. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर सगळ्यांनी आपापली वीजबिलं मांडली होती, पत्ते मांडावेत तशी. आणि बाईंचं पहिलंच वाक्य होतं, "रुपये बघू नका. युनिट बघा. रुपयांवर आपण आयोगापुढे भांडू, युनिटवर स्वतःशी."

मला ते वाक्य आवडलं. कारण त्यात दोन वेगळी कामं वेगळी केलेली होती.

पहिलं काम दराचं. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. वीज कंपनीला दर बदलायचे असतील तर प्रस्ताव आयोगापुढे ठेवावा लागतो, त्यावर जाहीर सुनावणी होते, आणि तिथे कुणीही साधा ग्राहक हरकत घेऊ शकतो. पुण्याची 'प्रयास', 'मुंबई ग्राहक पंचायत' अशा संस्थांना आयोगानं ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यताही दिली होती. आईच्या गटातले दोन काका आजही फायली घेऊन सुनावणीला जातात. पण दर हे वर्ष-दोन वर्षांनी लढायचं प्रकरण. घरातला पंखा मात्र रोज फिरतो. हे दुसरं काम.

बाईंनी बिल उलटं केलं आणि स्लॅब समजावले. घरगुती ग्राहकाला महावितरणच्या बिलात पहिल्या शंभर युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे ५०० पर्यंत तिसरा, त्याच्यावर चौथा. पहिल्यापेक्षा दुसरा टप्पा जवळपास दुप्पट महाग. बाबांच्या डोक्यात वर्षानुवर्षं एक भीती होती, की मीटर तीनशेच्या वर गेलं की सगळेच युनिट महागतात. मला वाटतं अर्ध्या पुण्याला ही भीती आहे. तसं नसतं! महाग होतात ते फक्त वरचे. आणि म्हणूनच गंमत अशी, की वाचवलेला प्रत्येक युनिट हा तुमच्या बिलातला सगळ्यात महागडा युनिट असतो. आधी वरचे उडतात.

"मग मी बरोबरच करतोय की," बाबा म्हणाले. "दिवे बंद, पंखा दोनवर."

बाई हसल्या. "उद्या सकाळी येते मी तुमच्याकडे. मोजू या."

जिन्याखालचा लाल दिवा

तुम्ही तुमच्या मीटरकडे कधी नीट बघितलंय? त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की इतक्या लुकलुकांचा एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बस्स, हीच प्रयोगशाळा!

सोमवारी सकाळी बाईंनी घरातलं सगळं बंद करायला लावलं. फ्रिज, राउटर, टीव्ही, सगळं. फक्त हॉलचा पंखा चालू, पाचवर. आई वरती बटणापाशी, मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन जिन्यात आणि बाबा खाली मीटरसमोर, चष्मा कपाळावर चढवून, मोठ्यानं मोजत. पाच मिनिटांत वीस लुकलुक.

बाईंनी तिथेच वहीत गणित मांडलं. पाच मिनिटांत वीस, तर तासाला २४०. भागिले ३२००. म्हणजे ७५ वॉट. आपल्या घराघरातला जुना छताचा पंखा साधारण एवढाच खातो.

"आता दोनवर करा," बाई ओरडल्या. वरून आईनं केला. पुन्हा पाच मिनिटं.

पंधरा.

बाबांना वाटलं आपलं मोजण्यात चुकलं. पुन्हा मोजले. पंधराच.

"वारा निम्म्याहून कमी," बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि वीज पाऊणपट. तुमचा रेग्युलेटर जुना आहे, तो मोठ्या डब्याचा. पंख्याला कमी वीज देतो, पण उरलेल्यातली बरीचशी स्वतःच तापवून उडवतो. हात लावून बघा." बाबा वर गेले, हात लावला. डबा गरम होता.

मंडळी, त्या क्षणी बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. समजा, कुणी तुम्हाला सांगितलं की तुम्ही पंचवीस उन्हाळे घामात काढलेत आणि त्यातून वाचलं ते एवढंसंच! मला वाटलं होतं की मी जिंकले म्हणून मला आनंद होईल. अजिबात झाला नाही.

मग बाई एकेक वस्तू घेत गेल्या. पॅसेजचा दिवा, ज्याच्या अंधारात माझा गुडघा फुटला तो, नऊ वॉटचा एलईडी. तो एकशे अकरा तास सलग जळेल तेव्हा एक युनिट होतो. रोज पाच तास लावला तरी बावीस दिवस लागतील! आणि गीझर? दोन हजार वॉट. अर्ध्या तासात एक युनिट. म्हणजे बाबा बावीस दिवस अंधारात ठेचकाळून जे वाचवत होते, ते आंघोळीच्या आधी गीझर अर्धा तास जास्त चालू राहिला की साफ.

टीव्ही रिमोटनं बंद केला तरी सेट टॉप बॉक्स जागाच असतो. आमचा दहाएक वॉट खात बसला होता, चोवीस तास. महिन्याला सात युनिट, कुणीही काहीही बघत नसताना. मागचं बटण बंद केलं, काम फत्ते.

आणि मग खरा खलनायक निघाला. आमचा फ्रिज. मी तिसरीत असताना, २००५ मध्ये आलेला, अजूनही "काय तब्येत आहे बघ!" म्हणून ज्याचं कौतुक होतं तो. बाईंनी त्याला आपलं मीटर लावलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. २.६ युनिट. दिवसाला! म्हणजे महिन्याला ७८. दाराचं रबर सैल, मागची जाळी धुळीनं भरलेली, भिंतीला चिकटवून ठेवलेला. घरातल्या एकूण विजेचा तिसरा हिस्सा एकटा हा पांढरा हत्ती खात होता. आणि बाबा पंखा दोनवर करत होते.

त्याचा दोष तरी काय म्हणा? तो आला तेव्हा स्टार लेबल जन्मालाही आलं नव्हतं. आपल्याकडे ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा. त्यातून २००२ मध्ये 'ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी' आली आणि उपकरणांवर चांदण्या लागायला लागल्या २००६ मध्ये, त्याही सुरुवातीला ऐच्छिक. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीला लेबल सक्तीचं झालं २०१० पासून. छताच्या पंख्यांना तर २०२३ उजाडावं लागलं! त्याआधी आपण पंखा घेताना काय विचारायचो? "ब्राउन आहे का आयव्हरी?"

एकट्यानं नाही, घाऊक

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नवीन घ्या, प्रश्न मिटला. पण इथेच गाडी अडते. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा पूर्ण वेगानं फिरताना साधारण तीस वॉट घेतो. त्याच पाच मिनिटांत वीसऐवजी आठ लुकलुक. पण साध्या पंख्याहून तो हजार-दीड हजारानं महाग. दुकानदार तो दाखवतच नाही. आणि पेन्शनवर जगणारा माणूस "पुढे वाचतील" या आश्वासनावर चार पंख्यांचे दहा-बारा हजार आज काढून देत नाही. गणित कळणं आणि खिशात हात जाणं यांत बरंच अंतर असतं.

गटाचं खरं काम या अंतरात आहे. चोवीस घरांतून यादी काढली, साठएक पंखे निघाले. तीन दुकानांकडून दर मागवले. वाणसामानाचा वीस वर्षांचा अनुभव कामी आला. भाव बराच उतरला, बसवणं फुकट. वर गटानं भिशीसारखी सोय केली. दर महिन्याला चार घरांचे पंखे, पैसे हप्त्यानं. ज्यांच्या घरी पंखा सगळ्यात जास्त तास चालतो त्यांचा नंबर पहिला. दिवसाला सोळा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, आणि ते वरच्या महाग टप्प्यातले असतील तर दोनशेच्या वर रुपये. दीडेक वर्षात पंखा फुकट.

घाऊक मागणीची ताकद काय असते याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोक्यावरच लटकलंय. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव तीनशे दहा रुपयांच्या आसपास होता. कोट्यवधी बल्बांची एकत्र मागणी निघाली, २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि २०१६ पर्यंत तोच भाव चाळीसच्या खाली आला. बल्ब तोच, फक्त मागणारे एकत्र आले.

या सगळ्यात माझीही शोभा झाली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एसी फाइव्ह स्टार आहे हं!" बाई स्टुलावर चढल्या आणि लेबल वाचलं. लेबलवरची मुदत मी एसी घेतला त्याच्या आदल्याच वर्षी संपलेली. एसीचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले, आणि जुन्या हिशेबातला पाच स्टार नव्या हिशेबात चार झाला. दुकानातल्या मुलानं मला शिल्लक माल पाचच्या भावात दिला होता. (दुकानाचं नाव घेत नाही. वाचायला हवं होतं मी. मास कॉमची डिग्री, आणि लेबल वाचता येत नाही!) तर चांदण्या मोजू नका. लेबलवर मुदत असते ती बघा, आणि वर्षाला किती युनिट हा आकडा बघा. एसीच्या बाबतीत तो वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो.

फ्रिजचं प्रकरण जरा नाजूक होतं. दिवाळीला नवा आला, लेबलवर वर्षाला २१० युनिटवाला. जुना आई आमच्या कामाच्या मावशींना देणार होती. अगदी प्रेमानं. "त्या कधीच्या मागतायत." बाई म्हणाल्या, "त्यांना फ्रिज देतेस की महिन्याचं ७८ युनिटांचं बिल देतेस?"

आई गप्प झाली. मीही. आपण जुन्या वस्तू दान करतो तेव्हा त्यांची भूकही दान करतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांचं अख्खं बिल शंभराच्या आत बसतं, त्यांना आपण एका उपकारात दुसऱ्या टप्प्यात ढकलतो. शेवटी जुना फ्रिज भंगारात गेला. पंख्यांच्या खरेदीत वाचलेल्या पैशातून गटानं छोटा निधी केला होता, त्यातून मावशींना एक लहान, नवा, चांगल्या लेबलचा फ्रिज बिनव्याजी हप्त्यानं मिळाला. मावशींनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ताई, हा किती युनिटचा?" सही!

भाडेकरूंचं काय?

हे सगळं बघून मी माझ्या बाणेरच्या फ्लॅटवर परत आले आणि वर बघितलं. तीन जुने पंखे. माझी फ्लॅटमेट आयटीत, घरूनच काम. पंखे मालकाचे, बिल आमचं. मालकांना फोन केला तर म्हणाले, "चालू आहेत ना? मग?" त्यांच्या बाजूनं बरोबरच आहे. महाग पंखा त्यांनी घ्यायचा आणि वाचलेले पैसे आमच्या खिशात! जगभर भाड्याच्या घरांचं हेच दुखणं आहे. वस्तू निवडणारा एक, बिल भरणारा दुसरा.

बाईंचा सल्ला साधा होता. "स्वतःचे दोन घे. जुने काढून माळ्यावर ठेव. घर सोडशील तेव्हा त्यांचे त्यांना लाव, तुझे घेऊन जा." मी तेच केलं. घर बदलताना आपण गादी नेतो, मिक्सर नेतो, मग पंखा का नाही?

तुम्हीही करून बघा. या रविवारी एक तास काढा. मीटरसमोर उभे राहा आणि लुकलुक मोजा. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दाराच्या रबरात कागद अडकवून बघा, सहज निसटला तर रबर सैल आहे. सेट टॉप बॉक्सचं बटण मागून बंद करा. जुना डब्बा रेग्युलेटर असेल तर आधी तो काढा. एसी चोवीसच्या खाली नेऊ नका. २०२० पासून नवे एसी मुळातच चोवीसवर सुरू होतात, ते उगाच नाही. एकेक अंश वर ठेवलात तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरोच सांगते. सव्वीसवर एसी आणि जोडीला पंखा, झक्कास झोप लागते. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये फक्त पार्किंगवर भांडू नका. टाकीची गळती काढा. फ्लश गळतो तेव्हा पाण्याबरोबर पंपाची वीजही गळते.

छेचाळीस युनिट

मे २०२५ मध्ये गटाची हिशेबाची बैठक झाली. मी मुद्दाम गेले. फळ्यावर प्रत्येक घराचे तीन आकडे. २०२४ चा एप्रिल, बाईंचा अंदाज, आणि २०२५ चा एप्रिल.

सगळं काही छान-छान नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका तावातावानं म्हणाले, "पंखे बदलले, फ्रिज बदलला, बिल तेवढंच! फसवणूक आहे ही." चौकशी केली तर मुलगा घरून काम करायला लागलेला, दिवसभर एसी. बाई म्हणाल्या, "नाहीतर दीडपट आलं असतं." काकांचं समाधान झालं नाही. मला त्यांचाही मुद्दा पटला. माणसाला खिशातून गेलेले पैसे दिसतात, न गेलेले दिसत नाहीत.

मग आमचं घर आलं. २०२४ च्या एप्रिलला २१४ युनिट. अंदाज ११२. प्रत्यक्षात १५८.

बाईंनी खडूनं लिहिलं, ४६ जास्त. "इथे काय झालं? कागदावर इतके यायला नको होते." सगळे बाबांकडे बघायला लागले. 'बिल कुठल्या कुठे जातं' म्हणणारा हा माणूस. बाबा उभे राहिले. शाळेत उभं राहावं तसे. हळूच म्हणाले, "एसी लावला होता. दुपारी. रोज दोन तास."

हॉलमध्ये शांतता.

"झोप लागली?" बाईंनी विचारलं.

"लागली."

"मग ते वाया नाही गेले." बाईंनी ते ४६ पुसले नाहीत, फक्त शेजारी बरोबरची खूण केली, आणि पुढच्या घराकडे वळल्या.

मला आजवर वाटायचं, वीज वाचवणं म्हणजे सोसणं. कमी वारा, कमी उजेड, कमी गारवा. आमच्या आधीच्या पिढीला तेच शिकवलं गेलं, आणि आमच्या पिढीनं त्याचीच चेष्टा करत एसी अठरावर ठेवला. दोन्हीकडे मोजलं कुणीच नव्हतं. काटकसर म्हणजे गरज मारणं, आणि कार्यक्षमता म्हणजे तीच गरज कमी विजेत भागवणं. हा फरक मला एका लाल दिव्यानं शिकवला. बाबांच्या घरात आज २०२४ पेक्षा कमी वीज लागते, आणि तरीही गारवा जास्त आहे. हे गणित एकट्या माणसाला सुटलं नसतं. मला तर नाहीच. मी फक्त एसी विकत घेतला होता. तो लावायची हिंमत त्यांना चोवीस घरांनी दिली.

बैठक संपल्यावर घरी गेलो. पंखा चारवर होता, मस्त भरभर. एसीचा रिमोट दिवाणावर, पिशवी-रबरबँड गायब. बाबा म्हणाले, "जरा वेळ बस. सव्वीसवर लावतो." मी बॅग ठेवायला आत निघाले, आणि पॅसेजमध्ये माझा गुडघा पुन्हा टीपॉयवर आपटला. मिट्ट काळोख!

"बाबा! एकशे अकरा तास! एका युनिटला एकशे अकरा तास!"

"हो गं, माहितेय," आतून आवाज आला. "सवय आहे."